वग होऊ द्या

तमाशा बुडाला, तमाशाला आता पूर्वीसारखं राहिलं नाही, अशी रड दर साल चैत्र-वैशाखात ऐकू येते. पेपरात राहुट्यांचा फोटो येतो, खाली चार ओळी येतात, लोक हळहळतात आणि पान उलटतात. दोष कधी टीव्हीला देतात, कधी मोबाइलला, कधी सरकारला. माझं म्हणणं वेगळं आहे. तमाशातला वग, म्हणजे त्यातलं खरं नाटक, आम्ही गावकऱ्यांनी बंद पाडलं. सुपारी देणारे आम्ही, समोर बसणारे आम्ही आणि मध्येच उठून "वग बास, गाणं लाव" म्हणून ओरडणारेही आम्हीच. आमच्या गावच्या यात्रा कमिटीत पंचवीसेक वर्षं बसलोय, म्हणून हे बोलायचा मला अधिकार आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या.

शहरातल्या वाचकांना आधी आमचा हंगाम सांगतो. आमच्या जुन्नर, आंबेगाव, खेड भागात गावोगावच्या ग्रामदैवताच्या यात्रा उन्हाळ्यात असतात. गुढीपाडवा झाला की सुरू होतात त्या वैशाख सरेपर्यंत. रब्बी निघालेली असते, कांदा काढून वखारीत पडलेला असतो, लग्नसराई चालू असते. मुंबई-पुण्याला गेलेली पोरं त्या दोन दिवसांसाठी गावाला येतात. सकाळी देवाला अभिषेक, मांडव डहाळे, शेरणी, दुपारी घाटात बैलगाडे, रात्री छबिना आणि मग तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाच्या हजेऱ्या आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा. हा आमचा कार्यक्रम. आज्याच्या वेळी हाच होता, आजही छापील पत्रिकेवर हाच आहे.

हे तमाशे ठरतात नारायणगावात. पाडव्याच्या सुमाराला पुणे-नाशिक रस्त्याला फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा बोर्ड, आत एक टेबल, कॅलेंडर, वही आणि मॅनेजर. पश्चिम महाराष्ट्रातून आणि नाशिक-नगरकडूनही गावचे पंच गाड्या करून येतात. राहुट्या हिंडतात, घासाघीस करतात आणि तारीख पक्की करून इसार देतात. यात्रा तिथीवर असतात, त्यामुळं रामनवमी, हनुमान जयंती, कालाष्टमी, अक्षय तृतीया या दिवशी एकेका फडाला चार-चार गावं मागणी करतात. त्या दिवसाचा भाव चढा असतो. मधल्या कोरड्या दिवसाला कुणी विचारत नाही आणि मग मिळेल त्या पैशात खेळ करावा लागतो.

आता मजा बघा. याच नारायणगावात टोमॅटोचा मोठा बाजार आहे. जो शेतकरी मे-जूनमध्ये तिथं क्रेट उतरवतो आणि व्यापाऱ्यानं भाव पाडला म्हणून शिव्या घालतो, तोच चैत्रात यात्रा कमिटीचा पंच होऊन राहुटीत शिरतो आणि व्यापाऱ्याच्या वरताण वागतो. "एवढ्यातच करायचं असेल तर बोल, नायतर शेजारची राहुटी हाय." हे वाक्य मी बाजारात विकणारा म्हणून ऐकलंय आणि राहुटीत घेणाराच्या बाजूला बसून ऐकलंय. माल नाशवंत आहे हे टोमॅटोवाल्या व्यापाऱ्याला माहीत असतं. फडाची तारीख टोमॅटोपेक्षा नाशवंत. आजची रात्र रिकामी गेली की गेली, ती वखारीत ठेवता येत नाही.

फडाचं गणित आमच्यासारखंच आहे, हे आमच्या लोकांना कळायला पाहिजे होतं. आम्ही पेरणीच्या आधी सोसायटीचं कर्ज काढतो, फडमालक दसऱ्याच्या आधी सावकाराकडून काढतो. त्यातून कलावंतांना उचल द्यायची, ट्रक, जनरेटर, पडदे, कनात, लाइट सगळं उभं करायचं. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. नाचणाऱ्या, गाणाऱ्या, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, पेटीवाला, स्वयंपाकी, ड्रायव्हर, तंबू ठोकणारे बिगारी. दसऱ्यापासून तिकिटावर खेळ करत हिंडायचं, त्यात जेमतेम पोट भरतं. कर्ज फिटायचं ते चैत्र-वैशाखाच्या सुपारीवर. म्हणजे आमचा कांदा जसा त्या दोन महिन्यांत ठरतो तसाच त्यांचाही. मधेच अवकाळी आला की दोघांचंही पाणी होतं.

2020 साली काय झालं ते आठवा. 25 मार्चला पाडवा होता आणि त्याच दिवसापासून देश बंद झाला. सगळ्या सुपाऱ्या मोडल्या, पुढच्या सालीही तीच गत. शंभर माणसांचा संसार जागच्या जागी बसला. त्या वेळी दिलेला इसार परत मागायचा विषय आमच्या कमिटीतही निघाला. मी म्हणालो, आपल्या टोमॅटोला कुणी आगाऊ पैसे दिले आणि गारपिटीनं बाग झोपली तर आपण काय करतो? हात जोडतो. मग आता त्यांना हात जोडू द्या. दोन तास भांडण झालं. इसार फडाकडंच राहिला, आणि 2022 ला तोच फड आमच्या गावाला ठरल्या पैशात खेळून गेला. व्यवहार असा होतो.

पण पैशापेक्षा माझं मोठं भांडण वगाचं आहे.

राहुटीत गेल्यावर पहिला प्रश्न काय विचारतात सांगू? "बाया किती?" दुसरा प्रश्न, "नवीन गाणी हायेत का?" तिसरा, "लाइट-डिजिटल कसं काय?" मॅनेजर बिचारा फोटोंची फाइल काढून दाखवतो. एवढ्या वर्षांत माझ्यासमोर "यंदा वग कोणता बसवलाय?" असं विचारणारे पंच मी बोटावर मोजण्याइतके बघितले. लग्नाला जाऊन "वाजंत्री कोणती" एवढंच विचारायचं आणि नवरा-नवरी कोण ते विचारायचं नाही, तसला हा प्रकार.

तमाशा म्हणजे नुसता नाच, ही समजूत ज्यांनी करून घेतली त्यांना क्रम सांगतो. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण, त्यात कृष्ण, पेंद्या आणि मावशी. मग बतावणी, सोंगाड्याचा सवाल-जवाब. मग रंगबाजी, म्हणजे लावण्या. आणि शेवटी वग. वग म्हणजे कथा, संवाद, पात्रं असलेलं पुरं नाटक. आधीचं सगळं ताटातली चटणी-कोशिंबीर आहे, वग ही भाकरी आहे. पूर्वी गण झाल्यावर म्हातारी माणसं घोंगडी अंथरून सावकाश बसायची, कारण त्यांना वग बघायचा असायचा आणि वग मध्यरात्रीनंतर उभा राहून पहाटेपर्यंत चालायचा.

हे नाटक काही काल-परवाचं नाही. सांगली जिल्ह्यातल्या सावळजच्या उमाबाबांनी 1865 च्या सुमारास 'मोहना बटाव' रचला, तो पहिला वग, असं इतिहास लिहिणारे सांगतात. पुढं रेठरे हरणाक्षच्या श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी या माणसानं घरदार, कुलकर्णीपण सोडलं, पवळाबाईंबरोबर फड उभा केला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्यांचा 'मिठाराणी' लोकांना पाठ होता. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी 'जहरी प्याला'मध्ये दोन हवालदार केले. मावळातल्या इंदुरीच्या दादूंनी 'गाढवाचं लग्न' असं काही रंगवलं की पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या लोकांनीही तिकिटं काढली, संगीत नाटक अकादमीनं त्यांचा सन्मान केला. यातला एकही माणूस नाट्यशाळेत गेला नव्हता.

मी दहावीपर्यंत शिकलो. शाळेत इतिहास, नागरिकशास्त्र होतं, मार्कापुरतं झालं. पण राजानं चुकलं तर त्याला कुणीतरी तोंडावर सांगायचं असतं, हे मला वगानं शिकवलं. गोष्ट उज्जैनची असो नाहीतर विजापूरची, गादीवर राजा असायचा, बाजूला लबाड प्रधान असायचा आणि खाली सोंगाड्या असायचा. सोंगाड्या कधी हवालदार, कधी नोकर, कधी खुळा भाऊ. खुळेपणाचं सोंग घेऊन तो जे बोलायचा ते पाटलाला, सरपंचाला, सोसायटीच्या चेअरमनला जाऊन लागायचं. आणि पाटील पहिल्या रांगेत बसलेला असायचा, त्याला हसावं लागायचं. वर्षात तीनशे चौसष्ट दिवस ज्यांना वेशीबाहेर ठेवलं, त्या महार, मांग, कोल्हाटी समाजातली ही माणसं एक रात्र गावाच्या मधोमध उभी राहून गावाचं काय चुकतंय ते सांगायची. असं दुसरं ठिकाण आमच्या गावात नव्हतं. ग्रामसभा तर तेव्हा कागदावरच व्हायची.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची यात्रा मला चांगली आठवते. मी बारा-तेरा वर्षांचा होतो. घरात मिलोची लाल भाकरी, शाळेत सुकडी, आई-बाप खडी फोडायला. त्या साली पट्टी निम्मीच जमली होती, तरी लहानसा फड आणला होता. बतावणीत सोंगाड्या आला तो डोक्यावर घमेलं घेऊनच. राजानं विचारलं, "काय रे, राज्यात सगळं क्षेम आहे ना?" तो म्हणाला, "क्षेम हाय महाराज. हजेरीपटावर शंभर माणसं हायेत. खडी फोडाय साठच येत्यात, पण पगार शंभरांचा निघतोय." सगळी सभा एकदम गप्प झाली आणि मग जी हसत सुटली ती थांबेना. मुकादम त्याच सभेत बसलेला. पुढच्या आठवड्यात हजेरी लोकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायला लागले. कुठल्या अर्जानं हे झालं नव्हतं. मी हे डोळ्यांनी बघितलंय, म्हणून वग बंद पडताना मला गप्प बसवत नाही.

तो बंद कसा पडतो तेही सांगतो. तीन-चार वर्षांमागं पाहुण्यांच्या गावच्या यात्रेला गेलो होतो. गावाचं नाव घेत नाही, अशी गावं पुष्कळ आहेत. गण झाला, गवळण कशीबशी झाली. मग सिनेमाची गाणी सुरू झाली ती दीड तास. पुढं पोरं शिट्ट्या मारत उभी, नोटा दाखवत. वगाचा पडदा उघडला. राजाच्या वेशातला म्हातारा नट पुढं आला, त्यानं पहिलं वाक्य म्हटलं, आणि मागून चपला आल्या. "ए म्हाताऱ्या, बस खाली. गाणं लाव." पंच मंडळी व्यासपीठाच्या बाजूला खुर्च्या टाकून बसली होती. एकजण उठला नाही. मॅनेजरनं हात जोडले, पडदा पडला, पुन्हा गाणं लागलं. त्या म्हाताऱ्यानं मुकुट काढून पेटीत ठेवला, मी विंगेच्या बाजूला असल्यानं मला ते दिसलं. सकाळी हजेरीच्या वेळी तो चहा प्यायला एकटाच बसला होता. मी जवळ बसलो. म्हणालो, "दादा, रात्री फार वाईट झालं." तो म्हणाला, "आण्णा, यंदाच्या हंगामात पुरा वग तीनदा झाला. बाकी सगळीकडं असंच. मला मालकानं ठेवलंय ते जुना माणूस म्हणून. उद्या पडदा वढायला ठेवतील." पावसाळ्यात काय करता विचारलं, तर म्हणाला, "भात लावायला जातो मावळात."

शंभर माणसांचं पोट असलेला मालक वगाला किती दिवस पोसणार? मागणीच नाही तर लेखकाला पैसे द्यायचे कशाला, तालीम घ्यायची कशाला, संवाद पाठ असलेल्या नटांना उचल द्यायची कशाला? मग वग आखडतो, जुनाच फिरवत राहतात, नट ढिले पडतात. आणि मग आम्हीच म्हणतो, वगात पहिल्यासारखी मजा राहिली नाही. रोपाला पाणी तोडायचं आणि मग झाड वाळलं म्हणून बोंबलायचं.

आता माझ्यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत.

पहिला आक्षेप, तरण्या पोरांना वग नको. कुणी विचारलं पोरांना? चपला मारणारी पोरं पंचवीस-तीस असतात आणि सभेत दीड हजार माणसं बसलेली असतात. त्या तीसांची दीड हजारांवर दादागिरी चालते, कारण पंचांना पुढच्या निवडणुकीत ती पोरं लागतात. हीच पोरं मोबाइलवर आठ-आठ तासांची मालिका रात्र जागून संपवतात. त्यांना गोष्ट नको असं नाही. गोष्ट चांगली सांगणारा नट उभा राहू शकेल एवढी शांतता आम्ही त्याला देत नाही.

दुसरा आक्षेप, तमाशात बायका-पोरींना बसता येत नाही, अश्लील असतं. मग तसं मागतो कोण? राहुटीत बसून "बाया किती" विचारणारा कोण? आमच्या गावात आम्ही एक गोष्ट केली. पुढची उजवी बाजू बायकांना दिली, मध्ये दोरी बांधली, दारू पिऊन आलेल्याला बाहेर काढायला दहा पोरं नेमली आणि मॅनेजरला आधीच सांगितलं. पहिल्या साली वीसेक बायका आल्या, त्याही म्हाताऱ्या. दोन-तीन सालांत लेकी-सुना येऊन बसायला लागल्या. फडानं गाणी बदलली, कारण समोरचं माणूस बदललं. आणि वगात नायिकेला सासूनं घराबाहेर काढलं तेव्हा उजव्या बाजूनं जो हुंदका आला, तसा हुंदका नुसत्या पुरुषांच्या सभेत मी कधी ऐकला नव्हता. तरी नाचणारीला दोष देणारा माणूस मला आवडत नाही. तिचं पोट आहे, ती जे मागाल ते देते. भांडण मागणाऱ्याशी आहे.

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तो वेळेचा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमानं रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले थोडे दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. पण गावची यात्रा त्याच दिवशी पडेल असं नाही. आमचा छबिना साडेनऊला देवळात पोचतो, दहाला गण सुरू होतो आणि अकराला पोलिसांची गाडी येते. मग फडवाला शहाणपणानं जे लोकांना हवं ते आधी उरकतो आणि वगाचा बळी जातो. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. म्हाताऱ्या-आजारी माणसाला झोप पाहिजे, डीजेनं तर छाती फुटायची वेळ आणलीय. पण मग छबिना सहाला काढा ना! देव काय घड्याळ बघून रागावणार आहे? सातला गण, आठला वग, दहाला संपला. वग दोन तासांचा करायला फडवाले तयार आहेत. तयारी नाही ती आमची, कारण छबिन्यात डीजेपुढं नाचताना आम्हाला वेळेचं भान राहत नाही. त्या डीजेला आम्ही न घासता पैसे मोजतो, तो पाच माणसं घेऊन येतो आणि फडवाला शंभर घेऊन येतो, हेही एकदा हिशोबाच्या वहीत शेजारी शेजारी लिहून बघा.

आमच्या लोकांना परंपरेची कळकळ नाही असं नाही. 2014 ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यत बंद केली तेव्हा आमच्या तालुक्यातली माणसं पेटून उठली. मोर्चे झाले, हायवे अडवले, दिल्लीपर्यंत वकील दिले, विधानसभेत कायदा झाला. 2021 च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 ला घटनापीठानं कायदा उचलून धरला. घाटात भंडारा उधळला, मीही उधळला. नऊ वर्षं आम्ही बैलासाठी लढलो, चांगलं केलं. पण त्याच यात्रेत रात्री उभ्या राहणाऱ्या माणसासाठी आम्ही एक साधी विनंतीसुद्धा केली नाही. वग बंद पडला म्हणून कुठल्या गावानं ग्रामसभेत ठराव केल्याचं मी तरी ऐकलं नाही. बैल आपला, दावणीला आहे. कलावंत आपला नाही, तो उचल घेऊन आलेला आहे, असं मनात कुठंतरी आहे. ते काढून टाकल्याशिवाय काही होणार नाही.

आता शहरातल्या रसिकांकडं वळतो. तुम्ही सुटाल असं समजू नका. वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' 1965 ला आलं, दादा कोंडक्यांनी ते गाजवलं. हवालदार, राजा, प्रधान, मैनावती, सगळा साचा आमच्या वगाचा. तुम्ही ते थिएटरात खुर्चीवर बसून बघितलं, त्याला लोकनाट्य म्हटलं आणि डोक्यावर घेतलं. चांगलं नाटक होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या फडांच्या घरातून हा साचा आला त्यांचा वग बघायला तुमच्यातले किती जण नारायणगावपर्यंत आले? अंतर पुण्यापासून ऐंशी किलोमीटरही नाही. वीकेंडला शिवनेरी, लेण्याद्री करता, ओझरच्या गणपतीला जाता, मिसळ खाऊन परत जाता. राहुट्या त्याच रस्त्याला आहेत. एकदा विचारा, आज कुठं खेळ आहे. गावची यात्रा सगळ्यांना मोकळी असते, तिकीट नसतं, तुम्हाला कुणी हाकलणार नाही.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांची गोष्ट सगळा महाराष्ट्र कौतुकानं सांगतो. दिवस भरलेले असताना नाचल्या, कळा आल्या तशा पडद्यामागं जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा लोकांसमोर उभ्या राहिल्या. भाषणात ही गोष्ट आली की टाळ्या पडतात. मला ती ऐकली की लाज वाटते. समोर बसलेल्यांना एवढंही कळलं नाही का, की आजचा खेळ इथंच थांबवावा? राष्ट्रपतींचं पदक मिळालेल्या या बाईचे शेवटचे दिवस ओढगस्तीत गेले. 2002 ला त्या गेल्या. चार वर्षांनी त्यांच्या नावानं सरकारी पुरस्कार सुरू झाला. माणूस गेल्यावर पुरस्कार देण्यात आपला हात कुणी धरणार नाही. पुरस्कार द्या, महोत्सव भरवा, अनुदान वेळेवर द्या, सगळं पाहिजे. पण महोत्सवाच्या पाच दिवसांवर फड जगत नाही. तो जगतो चैत्र-वैशाखातल्या साठ दिवसांवर, आणि ते साठ दिवस गावांच्या हातात आहेत.

म्हणून पुढच्या पाडव्याला राहुटीत जाणाऱ्या पंच मंडळींना माझं सांगणं आहे. पहिला प्रश्न वगाचा विचारा. वगाचं नाव, त्यात कोण कोण काम करतं, किती वेळाचा आहे, हे करारात लिहून घ्या आणि यात्रेच्या पत्रिकेवर छापा. कुस्त्यांच्या पैलवानांची नावं छापता, आमदाराचा फोटो छापता, वगाच्या नावाला एक ओळ जड नाही. छबिना उजेडात काढा. ठरलेले पैसे ठरल्याप्रमाणं द्या. सकाळी हिशोबाला बसून "गाणी कमी झाली" म्हणून पाच हजार कापायची जी रीत पडलीय ती चोरी आहे, तिला दुसरं नाव नाही. कलावंत बायकांना कपडे बदलायला शाळेची खोली उघडून द्या, संडासाची सोय दाखवा, पाण्याचा टँकर उभा करा. पाहुण्याला पुरणपोळी घालता, त्यांना निदान गरम आमटी-भाकरी घाला. आणि वग चालू असताना पहिली चप्पल जो मारेल त्याला, मग तो सरपंचाचा पोरगा असो, उचलून सभेबाहेर बसवा. एकदा बसवलात की दुसऱ्यांदा बसवायची वेळ येत नाही, हे मी करून बघितलंय.

आमच्या गावात गेल्या दोन यात्रांना वग पुरा झाला. दीड हजार माणसं शेवटच्या आरतीपर्यंत बसली होती. आम्ही फार काही केलं नाही. घरटी पट्टी तेवढीच होती, फड मोठा नव्हता, बायाही मोजून सात होत्या. वगाला पोलिसांची अडचण आली नाही, कारण पावणेदहाला पडदा पडला होता. एवढं जर आडवळणाच्या एका गावाला जमतं, तर हायवेवरच्या, कारखान्याच्या, बंगलेवाल्या गावांना जमू नये असं काही नाही. ज्यांना जमवायचं नाही त्यांनी डीजे लावावा, नाचावं, पण तमाशा बुडाला म्हणून हळहळू नये. फडवाले अजून राहुटी टाकून बसलेत. त्यांच्याकडं वग आहे. मागा, म्हणजे ते देतील.